आखाजीपर्यंतचा बाजा

१

भाकरी मी अर्ध्या लक्षानं करायचे. हात परातीत असायचे, कान नवलच्या छातीशी.

नवल माझा एकुलता एक, नऊ वर्षांचा. तिसऱ्या वर्षापासून त्याला दमा. कापूस वेचणीला आला की होळीपर्यंत जोर करायचा, पण बारा महिने असायचाच. श्वास घेताना काही नाही. सोडताना बारीक शिट्टी, आणि शिट्टीच्या शेवटी एक छोटा अडखळ, उंबऱ्याला पाय लागावा तसा. तो ओसरीवर बसलेला असला तरी चुलीपाशी मला तो अडखळ ऐकू यायचा. ऐकू आला की मी पुढची भाकरी थापायची. नाही आला तर पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर पळायची. सहा वर्षं मी असा स्वयंपाक केला.

राजाच्या जुबिलीला शहाद्याच्या पोरांनी बँड वाजवत मिरवणूक काढली होती. ती पाहून आल्यापासून आमच्या म्हसावदच्या उदेसिंग मास्तरांच्या डोक्यात बँड शिरला. पुढच्या वर्षी चैत्रात ते घरी आले. ओसरीवर बसून नवलची शिट्टी थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, याला फुंकायचं वाद्य द्या. छाती मोकळी होईल. मी पाहिलंय असं झालेलं."

"त्याला चालताना दम लागतो, मास्तर."

"म्हणून तर म्हणतो."

ढोल-ताशे शाळेचे होते, पितळी वाजंत्र मात्र ज्यानं त्यानं आणायचं. मास्तरांनीच सांगितलं, शहाद्याला रमिलाबाई म्हणून आहेत. त्यांच्या नवऱ्याचा लग्नाचा बँड होता, तो गेल्यावर त्या वाजंत्रं भाड्यानं देतात. आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून वर्षभर, सालदार ठेवतात तसं.

"सालदार बी पळी जास कधी कधी," हे म्हणाले आणि हसले. त्यांना कल्पना आवडली होती. पोरगा बँडात, म्हणजे पोरगा बरा.

२

आखाजीच्या दिवशी आम्ही दमणी जुंपून शहाद्याला गेलो. हे बैलांपाशी थांबले. मी आणि नवल आत गेलो.

पुढची खोली स्वच्छ सारवलेली होती. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर पितळी वाजंत्रं, आणि प्रत्येकाच्या रुंद तोंडावर मांजरपाटाचं फडकं बांधलेलं. धूळ बसू नये म्हणून असेल. मागच्या खोलीच्या दाराला पडदा होता, तिकडेही खुंट्या दिसल्या. वारा नव्हता. तरी फडकी हलल्यासारखी वाटली. उन्हातून एकदम सावलीत आलं की तसं दिसतं.

रमिलाबाई पन्नाशीच्या असतील. बोलायला लागल्या की बोलतच राहायच्या. कळा तीनच, पण तेल रोज घालायचं, पोऱ्याला उपाशी पोटी फुंकू द्यायचं नाही, आत श्वासाचं पाणी साठतं ते रोज झटकायचं, ऊन दाखवायचं नाही, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाही. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मला ऐकतानाच श्वास घ्यावासा वाटला, त्यांना नाही वाटला.

त्यांनी नवलच्या छातीकडे पाहिलं, मग मागच्या खोलीतून एक लहान कॉर्नेट, बिगुलासारखं पितळी वाजंत्र, काढून आणला. आम्ही पुढं वर्षभर त्याला नुसतं बाजाच म्हणत राहिलो.

"मी रिकामं दिधं नही, बाई," त्या म्हणाल्या. "पुढली आखाजीले तुम्ही बी रिकामं आनू नका."

हे मला लगेच समजलं. आपल्याकडे शेजारणीचं पातेलं तरी कोण रिकामं परत करतं? चिमूटभर साखर, मूठभर दाणे घालूनच द्यायचं. दमणीत बसल्यावर मी बाजाच्या तोंडात हात घातला. मनगटापर्यंत गेला. आत काही नव्हतं.

"ईसरी गयी व्हई म्हातारी," हे म्हणाले.

मलाही तसंच वाटलं.

३

घरी आल्यावर पहिलं काम मी केलं ते त्या फुंकायच्या वाटीला चिंच लावून राखेनं घासण्याचं. कोणाकोणाचं उष्टं असेल, आणि माझ्या पोराच्या ओठाला लागणार. घासून, धुऊन, पुसून कोनाड्यात ठेवली. तासाभरानं उचलली तर कोमट होती. कोनाड्यामागं चूल आहे, असं मी स्वतःला सांगितलं. चूल त्या भिंतीला नाही, हे मला नंतर आठवलं.

पोरांकडून पंधरा-पंधरा दिवस आवाज निघत नाही, मास्तर म्हणाले होते. नवलनं तोंडाला लावला आणि पहिल्याच खेपेला आवाज निघाला. सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या, त्यांच्या हातून सूप पडलं.

"अरे मन्हा राजा," त्या म्हणाल्या. "पाटीलना घरमा वाजंत्री जन्मले उना."

मी भाकरी थापत होते. एक थापून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याशी उभी केली, ती फुगली. तेव्हा सूर थांबला.

मी बाहेर जाऊन पाहिलं. त्याचे गाल फुगलेले नव्हते. कपाळावर घाम नव्हता. तो बाजा मांडीवर घेऊन कावळ्याकडे बघत होता.

"दम लागला का रे?"

"नही, माय. मी काही करत नही. तोच जास."

आणि त्याची शिट्टी चालूच होती. सूर लांब, सरळ, कुठं न अडखळणारा. त्याच्या स्वतःच्या छातीत मात्र नेहमीचा अडखळ. एवढ्या लहान छातीत दोन तऱ्हेचे श्वास कसे राहतात, हे मला कळेना. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, पितळेत गेलं की सगळंच गोड लागतं."

४

श्रावणात एका सोमवारी सूर मध्येच तुटला. थांबला नाही, तुटला. सुताचा धागा तुटतो तसा. नवलनं पुन्हा फुंकलं, नुसती हवा निघाली. मी वाटीला हात लावला. पहिल्यांदाच ती गार लागली, आडातल्या कळशीसारखी.

दोन दिवस बाजा मुका राहिला. तिसऱ्या दिवशी नवल हट्टानं तासभर फुंकत बसला. अंगभर घाम, डोळ्यांत पाणी. मी बाजा हिसकावून घ्यायला उठणार तोच आवाज निघाला. जुना सूर नव्हता तो. बारीक होता, आणि शेवटी किंचित अडखळला.

त्या दिवसापासून नवलची शिट्टी बंद झाली.

कापूस वेचणीला आला, पौषाची थंडी पडली, पोरगा गोधडी फेकून अंगणात पळायला लागला. सासूबाईंनी गल्लीत गूळ वाटला. ह्यांनी मास्तरांना नवं धोतर नेऊन दिलं. सगळे मला म्हणायचे, आता तरी सुखानं दोन घास खा. आणि मी चुलीपाशी हात पिठात घालून बसायची, आणि पुढची भाकरी कधी थापायची ते मला कळायचं नाही.

एका रविवारी दुपारी नवल जेवून झोपला होता. मी जवळ बसून सरकी काढत होते. घर शांत होतं. इतक्या शांततेत मला त्याचा श्वास ऐकू यायला हवा होता. शिट्टी नसली तरी साधा श्वास. मी त्याच्या छातीवर कान ठेवला. काळीज धडधडत होतं. बाकी काही नव्हतं.

हातातल्या कापसाचा एक पिंजलेला तंतू मी त्याच्या नाकापुढं धरला. मुंगीच्या चालण्यानं हलेल असा. तो हलला नाही.

नवलनं डोळे उघडले. "माय, तू काय करी ऱ्हायनी?"

तो बोलला तेव्हाही तंतू त्याच्या ओठांसमोर होता. तेव्हाही तो हलला नाही.

कापूस दमट असेल. हातांना घाम आला होता माझ्या. तो कूस बदलून झोपला आणि मी तशीच बसून राहिले. मग मला ते ऐकू आलं. बारीक शिट्टी, शेवटी छोटा अडखळ. माझ्या ओळखीचा, माझ्या पोटचा. कोनाड्यातून येत होता.

मी उठून कोरडा, नवा कापूस घेतला. बाजाच्या तोंडाशी धरला.

कापूस आत ओढला गेला. मग बाहेर आला. मग आत.

५

हे कुणाला सांगायचं? माझी मराठी सातवी झालेली. माहेरी वडील मास्तर. गावातल्या बाया अंगात येण्याचं, करणीचं बोलायच्या तेव्हा मीच त्यांना हसायची. म्हणून गप्प राहिले. पोकळ भांड्यात घरातले आवाज घुमतात, असं मनाला सांगून पाहिलं. पंधरा दिवस तेही पुरलं.

माघात नवलच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तो घरी राहिला, बाजा मात्र आदल्या दिवसापासून शाळेतच होता. शाळा आमच्या घरापासून दोन शेतं पलीकडं. दुपारी तो ओसरीवर पाय लांब करून चिंचोके खेळत होता, मी समोर तूर निवडत होते.

शाळेकडून सूर आला. नवलचाच बाजा, पण वाजवणारा दुसरा. कच्चा, वेडावाकडा.

नवलच्या हातातले चिंचोके पडले. त्याच्या बरगड्या आत गेल्या. कुणी आतून दोरी ओढावी तशा आत, आणखी आत. खोकला नाही, धाप नाही, तोंड उघडं आणि डोळे माझ्याकडं. शाळेकडचा सूर थांबला, आणि बरगड्या सुटल्या. मी "नवल, नवल" करते आहे तोवर दुसरा सूर सुरू झाला. पहिल्यापेक्षा लांब. ओठ निळे पडले.

मी शेतातून धावले. डोक्यावर पदर नव्हता, पायात काही नव्हतं. शाळेच्या मागच्या पडवीत शिंप्याचा धुडकू मजेत बाजा तोंडाला लावून उभा होता. मी तो त्याच्या तोंडातून ओढला. त्याचा ओठ फुटला.

"काकू, मी नुसतं एक डाव..." तो रडायला लागला.

"कोणाच्या हाती द्यायचा नाही म्हटलं होतं ना," मी धावत आलेल्या मास्तरांना म्हणाले. शाळेची पोरं माझ्या उघड्या डोक्याकडं बघत होती.

घरी आले तेव्हा नवल उठून पाणी पीत होता. "माय, धुडकूले वाजाडू देऊ नको," तो म्हणाला. "तो जोरमा ओढस."

त्या दिवशी मला काय ते समजलं. बाजा कुणीही वाजवो, दम माझ्या पोराचा जाणार. आणि आखाजीला दोनच महिने होते. आखाजीला बाजा परत द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी गावचा कुणी पोरगा तो घेऊन जाणार.

६

"अजून एक साल ठेवू," मी ह्यांना म्हणाले.

"मास्तरनी इचारं व्हतं. बाई नही म्हनस. आखाजीले आना, मंग देखू."

"मग नेऊच नका."

ह्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. शेवटी मी सांगितलं. कापसाचं, बरगड्यांचं, सगळं. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. ऐकून घेतलं त्यांनी. रागावले नाहीत, तेच वाईट.

"सहा वरीस तू रडनी," ते म्हणाले. "आते पोऱ्याना दम गया, ते तुले चैन पडत नही का?"

बाहेर नवल धुडकूबरोबर विटीदांडू खेळत होता, लालबुंद, हसत. रात्रभर ह्यांचं ते वाक्य माझ्या पाठीवर पडून राहिलं.

मी नवलला सांगून पाहिलं, बाजातून उलटं ओढ. फुंकू नको, ओढ. त्यानं ओढलं. "येत नही, माय," तो म्हणाला. "आठेच अडकेल शे." आणि बोट बाजाच्या पोटावर ठेवलं.

७

आखाजीच्या सकाळी माहेरपणाला आलेल्या गल्लीतल्या लेकी लिंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या. माझं माहेर तिकडं नंदुरबारला. मी नवलला घेऊन दमणीत बसले. मांडीवर बाजा. त्यात मी निवडलेली दादर ज्वारी भरली होती, वर गुळाचा खडा. रिकामं आणू नका, त्यांनी सांगितलं होतं. कोण जाणे, एवढ्यानं भागेल.

हे बैलांपाशी राहिले. रमिलाबाईंनी बाजा हातात घेतला, सुपात उपडा केला. दाणे सळसळत पडले.

"बाई, हाई काय पातेलं शे का?" त्या म्हणाल्या. मग बाजाच्या तोंडाला कान लावला, नारळ हलवून बघावा तसा. "भरेल शे. पोऱ्याना शे ना?"

मला वाटलं होतं त्या नाकारतील. मी त्यासाठी भांडण पाठ करून आले होते.

"त्याचा श्वास मला परत द्या," मी म्हणाले.

"मी कोनले लपाडत नही," त्या म्हणाल्या. "कोनी इचारतच नही. भाडं इचारतस, कोनती कळ अडकस ते इचारतस." आणि थोडं थांबून, "काढाले येस. पन पहिले दुसरं भरनं पडस. रिकामं मी खुंटीले टांगत नही."

"का?"

"टांगेल व्हतं एक डाव." त्यांचा हात स्वतःच्या छातीवर गेला आणि तिथंच राहिला, वरखाली न होता.

त्या बाजूला सरकल्या म्हणून मला मागच्या खोलीचा पडदा दिसला. तो अर्धा बाजूला होता. आत खुंट्यांची रांग. मोठी वाजंत्रं, लहान वाजंत्रं, प्रत्येकाच्या तोंडावर पांढरं फडकं. वारा नव्हता. फडकी फुगत होती आणि आत बसत होती. सगळी एका लयीत नाही, प्रत्येकाची लय वेगळी. एक सावकाश, झोपलेल्या म्हाताऱ्यासारखं. एक शेवटच्या कोपऱ्यातलं, अगदी छोटं, तान्ह्याच्या टाळूसारखं भराभर. एक खुंटी रिकामी होती. तिच्यावर आमच्या बाजाचं फडकं धुऊन, घडी करून ठेवलेलं.

मला श्रावणातला तो सोमवार आठवला. तुटलेला सूर. तो कुणाचा होता, हे मी विचारलं नाही. माझ्या पोरानं तो तीन महिने भाकरी-भाकरीएवढा लांब वाजवला होता, आणि आम्ही कौतुक केलं होतं.

"नवल, इकडे ये," मी म्हणाले.

मी बाजा रमिलाबाईंच्या हातून घेतला. वाटी कोमट होती. माझ्या लेकराचं उष्टं. मी ती ओठाला लावली आणि फुंकलं.

मला वाटलं होतं, येणार नाही. आयुष्यात कधी फुंकलं नव्हतं. पण छातीतून काहीतरी सुटलं, गाठ सुटते तसं सहज, आणि पितळेतून निघून गेलं. आवाज मोठा झाला नाही. बाहेरच्या बैलाच्या घुंगराएवढासुद्धा नाही.

"आते तू ओढ, बेटा," रमिलाबाई नवलला म्हणाल्या.

त्यानं ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो कंबरेत वाकला, खोकला, आणि श्वास सोडताना त्याच्या छातीत शिट्टी वाजली. शेवटी अडखळ.

रमिलाबाईंनी फडकं बांधलं. गाठ मारताना ते एकदा फुगलं. मी दुसरीकडं पाहिलं.

८

परतताना नवल माझ्या मांडीवर डोकं ठेवून धापा टाकत होता. हे वाटभर मला बोलले नाहीत. बोलले ते एवढंच, "बाजा दिधा, आनि दम परत उना. आते खुश शे ना तू?"

मी खुश होते. दमणीच्या चाकांच्या खडखडाटातही मला तो अडखळ ऐकू येत होता.

आता नवल बँडात ढोल वाजवतो. मास्तरांना मी सांगितलं, फुंकायचं काही नको. सासूबाई मला म्हणतात, तू अलीकडं बोलायला लागलीस की थांबतच नाहीस, वहू, ऐकणाऱ्याला दम लागतो. कापूस मी नाकापुढं धरून पाहिला नाही. दोनदा हातात घेतला, मग त्याची वात वळून टाकली.

रमिलाबाई आखाजीनंतर बाजा पडून राहू देत नाहीत. कुठल्या गावाला गेला, मला माहीत नाही. तळोदा असेल, धडगाव असेल, डोंगरात एखाद्या आश्रमशाळेला असेल. पोरगा असेल कुणीतरी, नऊ-दहा वर्षांचा. त्याच्या आईनं वाटी चिंचेनं घासली असेल.

आज दुपारी पहिल्यांदा झालं. मी भाकरी थापत होते. नवल ओसरीवर, त्याची शिट्टी चालू. भाकरी परातीतून उचलली आणि हात तिथंच थांबले. माझ्या बरगड्या आत गेल्या. आवाज काही ऐकू आला नाही, खूप लांब असणार. मी तोंड उघडं ठेवून चुलीकडं बघत राहिले. मग सुटलं, आणि मी भाकरी तव्यावर टाकली.

फार वेळ नव्हता लागला. भाकरीला पाणी फिरवण्याएवढा. सुरुवातीला सगळ्यांचाच सूर आखूड असतो. सराव केला की लांबतो.

दुसरी भाकरी थापायच्या आधी तिकडं त्या पोरानं पुन्हा बाजा तोंडाला लावला. पोरगा मेहनती दिसतो.